पेटीत हात गेला की तो फुत्कारतो

प्रश्न : डॉक्टर, तीन आठवड्यांपूर्वी मी आठ महिन्यांचा एक बॉल पायथन घरी आणला. तो पैदास करणाऱ्याकडेच अंड्यातून निघालेला आहे, रानातून पकडलेला नाही. 'रोज अर्धा तास हातात घे, आपोआप सवय होईल,' असं मला सांगण्यात आलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी जाड चामडी हातमोजे घालून मी त्याला लपायच्या खोक्यातून बाहेर काढतो. सुरुवातीला तो नुसता गोळा होऊन बसायचा. आता झाकण उघडताच मान मागे घेऊन वळवतो, फुत्कारतो, आणि परवा तर मोज्याला चावला. मागच्या दोन्ही वेळी दिलेला उंदीर त्याने तसाच सोडला. घरचे म्हणतात, त्याने डूख धरला. माझं काय चुकतंय? की हा सापच रागीट आहे?

उत्तर : आजपासून त्याला हातात घेणं थांबवा. कायमचं नाही, पण ओळीने तीन वेळा त्याने नीट खाल्लेलं दिसेपर्यंत. तोवर पाणी बदलायला आणि घाण काढायलाच हात आत जाऊ द्या.

तो रागीट नाही. डूख धरणं तर सापाच्या स्वभावातच नाही. तो घाबरला आहे, आणि तुम्ही लिहिलेल्या क्रमातूनच ते दिसतं. आधी त्याने गोळा होऊन पाहिलं. त्याने भागलं नाही म्हणून फुत्कारून पाहिलं, आणि त्याचाही उपयोग होईना तेव्हा तो चावला. सापाकडे नाही म्हणायचे जेवढे मार्ग असतात ते त्याने पायरी-पायरीने वापरले.

'रोज हाताळा म्हणजे सवय होईल' हा सल्ला अर्धाच खरा आहे. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा घडली आणि तिच्यातून काहीच वाईट झालं नाही, तर जनावर तिच्याकडे लक्ष देणं सोडतं. पण तीच गोष्ट दरवेळी जिवावर बेतल्यासारखी वाटली, तर धास्ती वाढत जाते. दोन्ही गोष्टी घडतात त्या वारंवार केल्यानेच. त्यामुळे किती वेळा हातात घेतलं यापेक्षा घेतलं तेव्हा त्याला काय वाटलं, हे महत्त्वाचं. तुमच्याकडे रोज अर्धा तास भीतीचा सराव झाला आहे.

आता त्याच्या बाजूने पाहा. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ भागातला आणि विरळ रानातला साप. दिवसा तो उंदीर-घुशींच्या बिळांत किंवा वारुळांत पडून राहतो आणि रात्री बाहेर येतो. त्याच्या वरच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांतून त्याला समोरच्या वस्तूची उष्णता कळते. तुमचा हात आत येतो तेव्हा त्याला वरून खाली झेपावणारं, ऊबदार, त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं काहीतरी जाणवतं. वरून येतो तो शिकारी पक्षी, आणि बिळात शिरून ओढून काढतो तोही खाणाराच. तुम्ही रोज या दोन्ही गोष्टी एकदम करत होतात.

हाताळणीची तयारी पेटीपासून सुरू होते. माझ्याकडे येणाऱ्या 'चावऱ्या' सापांपैकी बऱ्याच जणांचं खरं दुखणं पेटीतच सापडतं. लपायच्या जागा दोन हव्यात, एक गरम टोकाला आणि एक थंड टोकाला, शक्यतो सारख्याच. एकच असली तर सापाला ऊब आणि आडोसा यांतून एक निवडावं लागतं, आणि भेदरलेला साप आडोसा निवडतो. मग त्याचं पचन मंदावतं आणि भूक जाते. खोका ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर पाठ आणि कुशी भिंतींना टेकल्या पाहिजेत आणि तोंड एकच असलं पाहिजे. गरम बाजूचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ ते २७, हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्के. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) असेल तर ती थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, कधीही लावू नका. तापमान हाताने चाचपून सांगता येत नाही, त्यासाठी वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला थर्मामीटर लागतो. पेटी काचेची असेल तर तीन बाजूंना बाहेरून कागद लावा. आणि ती ठेवली आहे कुठे, तेही बघा. सापाला बाहेरचे कान नसले तरी जमिनीतून येणारी कंपनं त्याच्या जबड्याच्या हाडांमार्फत आतल्या कानापर्यंत पोहोचतात. दणकन आपटणाऱ्या दाराशेजारी किंवा स्पीकरच्या टेबलावर ठेवलेल्या पेटीतल्या सापाला उसंत कशी मिळणार?

खाण्याचं म्हणाल, तर उंदीर सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढा असावा, त्याहून मोठा नको. गोठवलेला असेल तर पूर्ण वितळवून कोमट करा आणि लांब चिमट्याने संध्याकाळी उशिरा खोक्याच्या तोंडाशी धरा. नाही घेतला तर मागे लागू नका. पुढच्या आठवड्यात पुन्हा द्या. दर आठवड्याला त्याचं वजन करून लिहून ठेवा. यासाठी तो खोक्यात असतानाच खोक्यासकट उचला आणि रिकाम्या खोक्याचं वजन नंतर वजा करा, म्हणजे हात लावायची गरज उरत नाही. बॉल पायथन उपासाला पक्के असतात, मोठे साप तर काही महिनेही न खाता काढतात. पण वाढत्या वयाच्या पिल्लाचं वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटलं, तर वाट न बघता सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.

तीन वेळा खाणं झालं की मग हाताकडे वळू. इथे मी तुम्हाला दिवसांचं वेळापत्रक देणार नाही, कारण साप ते पाळत नाही. पुढची पायरी चढायची ती आधीच्या पायरीवर तो निवांत दिसला तरच.

सुरुवातीला फक्त हात आत न्या. बाजूने, तळाला लागून, सावकाश. तो सापापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि काही करू नका. मिनिटभराने तसाच काढून घ्या. हात साबणाने धुतलेला असू द्या, उंदराचा वास अजिबात नको. सापाची जीभ हवेतले आणि वस्तूंवरचे गंधकण टाळूतल्या विशेष इंद्रियापर्यंत पोहोचवते, आणि त्या इंद्रियाला तुमच्या बोटांत भक्ष्य सापडलं तर उरलेल्या सगळ्या शिकवणीवर पाणी पडतं. काही दिवसांनी हाताऐवजी कागदाची गुंडाळी घेऊन त्याच्या पाठीवर, शरीराच्या मागच्या अर्ध्या भागात, हलकेच टेकवा. हा तुमच्यातला इशारा ठरवा. गुंडाळी टेकली की हात येणार, चिमटा दिसला की खाणं येणार. हा क्रम मोडू नका. सापाला हा फरक शिकता येतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉर्न स्नेकनी मोकळ्या रिंगणातून सुटकेचं बीळ कुठे आहे हे शिकून लक्षात ठेवल्याचं दिसलं होतं. साप शिकत नाही, असं समजून आपण त्याला शिकण्याची संधीच देत नाही.

मग उचला. तो आपणहून खोक्याबाहेर आला असेल तेव्हाच. आत बसलेल्या सापाला ओढून काढायचं नाही, ही एक गोष्ट काहीही झालं तरी पाळा. खोक्यात तो सुरक्षित आहे याची त्याला खात्री असेल, तरच बाहेर यायला तो धजावेल. उचलताना डोक्याकडून नको. शरीराच्या मध्याखाली एक तळवा, मागच्या भागाखाली दुसरा, आणि पकड नाही, नुसता आधार. मानेमागे चिमटीत धरणं हे चित्रांतच पुष्कळ दिसतं. पाळीव सापाला तसं धरायची गरज नसते, उलट तो बिथरतो. जमिनीवर किंवा पलंगावर बसूनच हे करा, म्हणजे सटकला तरी उंचावरून पडणार नाही. फांदी जशी असते तसे हात असू द्या, तिच्यावर साप जातो-येतो आणि ती त्याला धरत नाही.

पहिल्या खेपेला दोन-तीन मिनिटं. आठवड्यातून दोनदा पुरे. परत ठेवायचं ते तो शांत असताना. चुळबुळ केली, फुत्कारला आणि लगेच परत ठेवला, असं दरवेळी झालं तर फुत्कारल्याने सुटका होते एवढंच तो शिकेल. म्हणून क्षणभर स्थिर राहा, त्याचा श्वास संथ होऊ द्या आणि मग ठेवा. मात्र तो शांत होतच नसेल तर हट्ट धरू नका. तसं झालं याचा अर्थ तुम्ही एक पायरी लवकर चढलात.

आणि आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. शांत साप आणि गोठलेला साप यांत फरक करायला शिका. माझ्या घरी असलेली मादी दुसऱ्या घरातून माझ्याकडे आली तेव्हा 'अतिशय शांत आहे, कितीही वेळ मांडीवर बसते' असं मला सांगितलं गेलं. ती बसायची खरी, पण डोकं वेटोळ्यांच्या आत खुपसून, सगळे स्नायू ताठ करून. श्वास घेताना कुशी भराभर हलायच्या आणि जीभ जवळजवळ बाहेर यायचीच नाही. बोट जवळ गेलं की डोकं झटक्याने आत ओढायची. ती शांत नव्हती, भीतीने आखडली होती, आणि ज्यांनी तिला जपलं त्यांना ते कोणी दाखवलंच नव्हतं. काही महिने तिला बाहेर येण्याची मुभा दिली आणि उचलणं कमी केलं. मग ती आधीपेक्षा जास्त हलू लागली, हातावरून खांद्याकडे जायला लागली, कपड्याच्या घडीत नाक खुपसून बघायला लागली. पाहणाऱ्याला वाटलं असतं की साप बिघडला. खरं तर तेव्हा कुठे तिची भीती मोडली होती.

निवांत सापाची जीभ सावकाश, पूर्ण लांबीने बाहेर येते, वर-खाली हलते. तो मधेच थांबतो, पुन्हा पुढे जातो. त्याचं वजन तुमच्या हातावर सैल पडतं. याउलट अंग ताठ, मान मागे खेचलेली, श्वास जलद, किंवा एकाच दिशेने धडपडत पळण्याचा प्रयत्न, यांतलं काही दिसलं की ती वेळ थांबण्याची. हे वाचता येऊ लागलं की बाकीचं सगळं सोपं होतं.

काही काळ हात लावूच नये असेही असतात. खाल्ल्यानंतर किमान ४८ तास, मोठं भक्ष्य असेल तर आणखी, नाहीतर तो खाल्लेलं ओकतो आणि सापाला ओकणं फार महागात पडतं. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ-निळसर होतात तेव्हाही नको. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो, त्यामुळे त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही. ज्याला दिसत नाही तो साप आधी चावतो.

हातमोजे काढून ठेवा. जाड चामड्यातून तुम्हाला त्याचे स्नायू आखडलेले कळत नाहीत, आणि नकळत पकड घट्ट होते. तुम्हाला स्वतःला भीती वाटत असेल तर त्यात गैर काही नाही. सापाच्या तोंडाशी आल्यावर हात झटक्याने मागे घेणं मात्र टाळा, कारण ती हालचालच त्याला चिथावते. सापाचा हूक (टोकाला वाकवलेली काठी) वापरून त्याला उचलून मग हातावर घेणं दोघांनाही सोयीचं जातं.

चावलाच तर ओढू नका. बॉल पायथन बिनविषारी आहे, पण त्याचे दात मागे वळलेले असतात, ओढलं की तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात तुटून अडकू शकतात. बचावासाठी चावलेला साप बहुधा लगेच सोडतो. भक्ष्य समजून चावलेला मात्र धरून ठेवतो आणि वेटोळं घालतो. अशा वेळी शेपटीकडून वेटोळं सोडवत या, गरज पडली तर तोंडावर थंड पाण्याची धार धरा. जखम साबण-पाण्याने धुवा, आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते डॉक्टरांना सांगा. हे दोन चावे वेगळे ओळखणं उपयोगाचं आहे, कारण पहिल्यावर उपाय म्हणजे विश्वास वाढवणं आणि दुसऱ्यावर उपाय म्हणजे तो कागदी गुंडाळीचा इशारा आणि धुतलेले हात.

प्रश्न : माझा कॉर्न स्नेक अजून पेन्सिलीएवढाच जाड आहे. तो चावत नाही, पण हातात घेतला की सुसाट पळतो, शेपटी थरथरवतो आणि घाण वासाचं काहीतरी सोडतो. याला कसं धरू?

उत्तर : धरू नकाच. कॉर्न स्नेक हा जात्याच चळवळ्या, बॉल पायथनसारखा एका जागी बसणारा नाही, त्यामुळे त्याच्या पळण्याचा अर्थ दरवेळी भीती असा नसतो. तो पुढे सरकेल तसा एका हातापुढे दुसरा हात ठेवत जा, म्हणजे त्याला चालायला वाट मिळते आणि तुम्हाला दाबायची गरज पडत नाही. सुरुवातीला खाली रिकामा टब ठेवा. सापाचं पिल्लू हे पक्षी-प्राणी अशा सगळ्यांचंच खाणं असतं, म्हणून शेपटी थरथरवणं आणि दुर्गंधी सोडणं ही त्याची शस्त्रं. ती उगारली की चिडून परत ठेवू नका, दचकूही नका. हात धुतला की वास जातो. वाढत्या वयाबरोबर आणि खाण्यापिण्याची घडी बसल्यावर बहुतेक पिल्लांचं हे कमी होत जातं. एका वेळी पाच मिनिटांच्या वर मात्र नको.

प्रश्न : दोन वर्षं हातावर मजेत खेळणारा माझा किंग स्नेक गेल्या आठवड्यापासून अचानक बोटांवर झेपावतो. स्वभाव बदलतो का?

उत्तर : इतक्या झटकन स्वभाव बदलत नाही. आधी शरीर आणि पेटी तपासा. थर्मोस्टॅट बिघडलाय का, डोळे दुधाळ झालेत का? खवल्यांच्या फटींत आणि डोळ्याभोवती काळे-लालसर ठिपके हलताना दिसतात का? ते गोचिडीसारखे परजीवी असतात, पाण्याच्या भांड्यातही बुडालेले सापडतात. तोंडाच्या कडा सुजल्यात का, तोंड उघडं ठेवून श्वास घेतो का, नाकाशी बुडबुडे येतात का, डोकं उगाच आकाशाकडे उचललेलं राहतं का? यांतलं एकही असलं तर हाताळणीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. दुखणारा साप चावणारच. हे सगळं ठीक असेल तर उपासाकडे बघा. किंग स्नेक खादाड असतो, भक्ष्याच्या वासाने कशावरही तोंड टाकतो. रानात तो इतर सापही खातो, म्हणून त्याला दुसऱ्या सापाबरोबर ठेवू नये आणि दुसरा साप हाताळून आल्यावर हात धुतल्याशिवाय याच्या पेटीत घालू नये. तुम्ही अलीकडे दुसरा साप किंवा उंदीर घरात आणला आहे का, तेवढं मला कळवा.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीला साप हातात घ्यायचा आहे. देऊ का?

उत्तर : एवढ्यात नको, आणि कारण चावा हे नाही. दिसायला अगदी निरोगी असलेल्या सापाच्या विष्ठेत आणि कातडीवर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना, गरोदर बायकांना, वृद्धांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना त्याचा संसर्ग जड जातो. तिला शेजारी बसून पाहू द्या. जीभ कशी हलते, श्वास कुठे दिसतो, कात कशी उलटी निघते, हे तिला दाखवा. मोठी झाल्यावर तुमच्या हातावर बसलेल्या सापाच्या पाठीवर तिने दोन बोटं फिरवायला हरकत नाही, पण लगेच साबणाने हात धुवायचे. सापाची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नका.

प्रश्न : अंगणात सापडलेलं पिल्लू बाटलीत ठेवलं आहे. हळूहळू हातावर माणसाळेल का?

उत्तर : कृपा करून आजच त्याच्या सुटकेची सोय करा, पण स्वतः सोडू नका. रानातला साप वर सांगितलेल्या पायऱ्यांनी माणसाळत नाही. बहुतेक वेळा तो खाणं सोडतो, अंगावरच्या आणि पोटातल्या परजीवींनी खंगतो. शिवाय पिल्लू असताना विषारी-बिनविषारी ओळखण्यात जाणकारांचीही गफलत होते, आणि विषारी सापाच्या पिल्लाचा दंशही जीव घेऊ शकतो. अनेक ठिकाणी असा साप ठेवणं हा गुन्हाही आहे. बाटलीत हात घालू नका, उघडूही नका. साप सोडवणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला किंवा वन खात्याला लगेच फोन करा, झाकणाला हवेपुरती भोकं नसतील तर तेही सांगा, आणि ते येईपर्यंत बाटली सावलीत, मुलांपासून दूर ठेवा.